भिकाजीचं पाणी

ओमानातल्या रुवीत सायकल पंक्चर झाली तर ती भिकाजी पालशेतकराच्या दुकानात न्यावी, पण तिथे गेल्यावर घाई करू नये, हे आसपासच्या सगळ्या कामगारांना ठाऊक होतं. बंगाली असो, मल्याळी असो की आपला रत्नागिरीवाला असो, दुकानात पाय टाकला की आधी स्टुलावर बसायचं. मग भिकाजी हात पुसणार, स्टीलच्या पेल्यात पाणी ओतणार, पत्र्याच्या डब्यातला गुळाचा खडा काढून हातावर ठेवणार. ते पोटात गेल्याशिवाय तो सायकलीकडे बघायचासुद्धा नाही. एखादा कुरकुरलाच, "चाचा, बस छूट जायेगी," तर भिकाजी म्हणायचा, "पहले पानी. पंक्चर किधर भागता नहीं." आणि या निकालावर अपील नव्हतं.

दुकानाचा मालक अर्बाब खमीस महिन्यातून दोनदा चक्कर टाकायचा. त्यालाही गूळपाणी. पहिल्यांदा त्याने विचारलं, हा गूळ कशाला, गिऱ्हाईक गोड व्हावं म्हणून का? भिकाजीने सांगितलं, आमच्या गुहागरकडे उन्हातून आलेल्या माणसाला आधी हे देतात, मग तो जावई असो नाहीतर भांडायला आलेला भाऊबंद असो. खमीस खूश झाला. आमच्याकडे खजूर आणि कॉफी असते म्हणाला, आणि त्यानंतर गुळाबद्दल त्याने कधी विचारलं नाही.

खरं तर भिकाजी ओमानला आला तो मुळी पाणी द्यायलाच. चौऱ्याऐंशी साली, चोवीस वर्षांचा असताना, तो एका रस्ते बांधणाऱ्या कंपनीत लागला. गावाकडे पत्रात 'कंपनीत नोकरी' असं भारदस्त लिहिलं होतं, पण काम होतं पाणक्याचं. डांबर टाकणारी माणसं तीन-चार किलोमीटरांत विखुरलेली असायची आणि सायकलीच्या दोन बाजूंना दोन कॅन लटकवून भिकाजी त्यांच्यामधून दिवसभर ये-जा करायचा. एकदा चेन तुटली. पाऊण तास उशीर झाला. तो पोचला तेव्हा एक धिप्पाड पठाण खडीच्या ढिगाऱ्यावर आडवा पडला होता, डोळे पांढरे. तो वाचला, महिन्याभराने त्याने भिकाजीच्या पाठीत हसत हसत धपाटाही घातला. पण भिकाजीच्या मनातून ते डोळे काही गेले नाहीत. त्या दिवसापासून तो सायकल स्वतः दुरुस्त करायला शिकला, आणि त्या दिवसापासून तहानलेला माणूस समोर दिसला की त्याचा हात आपसूक पुढे जाऊ लागला. त्या हातावर त्याचा स्वतःचा ताबा नव्हता म्हटलं तरी चालेल.

दुरुस्तीत मात्र तो उस्ताद झाला. चाक वाकडं आहे की सरळ हे तो डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त बघायचा. चाक उलटं टांगून एकेक तार बोटाने छेडायची, जिचा आवाज बसका ती सैल, जिचा चिरका ती जादा ताणलेली. कंपनी बंद पडल्यावर खमीसने त्याला दुकानात घेतला तो याच कानांवर.

दोन हजार अकराच्या फेब्रुवारीत या दुकानात एक विचित्र गिऱ्हाईक आलं. आदल्या वर्षापासून ओमानात फेब्रुवारीमध्ये सहा दिवसांची मोठी सायकल शर्यत भरू लागली होती. युरोपातल्या टीम थंडीतून सुटून इथल्या उन्हात यायच्या. त्यातल्या एका लहानशा, गरीब टीमची हत्यारांची पेटी विमानतळावर पोचलीच नव्हती आणि प्रवासात चाकं दुमडली होती. त्यांचा एक खेळाडू हातात चाक धरून विचारत विचारत रुवीत आला. बुटका, सावळा, गालांची हाडं वर आलेली. भिकाजीला तो नेपाळी वाटला, म्हणून त्याने सरळ हिंदीत सुरुवात केली. पाहुण्याला अक्षर कळलं नाही, पण स्टूल कळलं. पाणी कळलं. गूळ त्याने जिभेवर ठेवला आणि डोळे मोठे करून दुसरा खडा मागितला.

"ये मुझे अपना ही आदमी लगता है," दुकानात टेकलेला जहूर म्हणाला. जहूर दाभोळचा. रुसैलच्या एका कारखान्याची कोस्टर बस चालवायचा आणि कामगारांना खोलीवर सोडलं की भिकाजीच्या दुकानात येऊन बसायचा. कामाचं बोलणं सोडून बाकी सगळं बोलायचा.

भिकाजीने चाक टांगलं, कान लावला, किल्ली फिरवली. वीस मिनिटांत चाक असं सरळ झालं की पाहुण्याने ते फिरवून तीन वेळा बघितलं. त्याचं नाव एवेलिओ तिपान. देश इक्वेडोर. तो देश कुठे आला हे त्याने खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढून दाखवलं आणि जहूरने त्याच दिवशी एवेलिओचं येवले करून टाकलं. पुढे रुवीत आणि भिकाजी-जहूर राहायचे त्या दार्सैतमध्ये सगळे त्याला येवलेच म्हणू लागले. त्यालाही ते आवडायचं.

थोडी इंग्रजी, थोडे हातवारे, यांवर गप्पा चालल्या. एवेलिओचं गाव डोंगरात उंचावर होतं, बटाटे आणि गाई. बाप दूध घालायचा, आणि लहानपणी हा सायकलीला दुधाचे कॅन लावून घाट चढायचा. त्यानेच पाय तयार झाले. भिकाजी किल्ली हातात घेऊन थबकला.

"कॅन? टू साइड?" त्याने दोन्ही हात लांब करून विचारलं.

"सी, सी! टू साइड!" तो जोरजोरात मान डोलावत म्हणाला.

भिकाजीला इतका आनंद झाला की त्याने तिसरा खडा आपणहून दिला.

जहूरला मात्र वेगळीच उत्सुकता. "मग किती रेस जिंकल्यास?" त्याने विचारलं. एवेलिओने मान हलवली. एकही नाही. मग त्याने समजावलं. टीममध्ये एकच कप्तान असतो, जिंकायचं ते त्याने. बाकीच्यांनी त्याच्या पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, आणि मागे टीमच्या गाडीपाशी जाऊन सगळ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या आणायच्या. बाटल्या कशा कोंबतात ते त्याने उभं राहून दाखवलं: दोन सायकलीला, तीन पाठीच्या खिशांत, दोन छातीशी, एक मानेमागे. मग ते ओझं घेऊन पुन्हा पुढच्या घोळक्याला गाठायचं. दिवसातून पाच वेळा, सहा वेळा.

जहूर हसत सुटला. "आठ समुद्र ओलांडून हा पाणी भरतो?"

"हसू नको जहूरभाय," भिकाजी म्हणाला. "मी पण समुद्र ओलांडून तेच केलंय. पाणक्या नसला तर डांबर पडत नाय. हा पाणक्या हाय, माज्यासारका. त्याचा मान ठेव."

जहूरने मान ठेवला. इतका, की पुढच्या वर्षापासून दार्सैतच्या त्यांच्या खोलीत शर्यत बघायची पद्धतच उलटी झाली. जहूरच्या फोनवर चित्र दिसायचं ते पुढे पळणाऱ्या नामांकित लोकांचं. आठ-नऊ जण एका फोनवर डोकी लावून बसायचे आणि सगळे शोधायचे कडेला, मागे. मध्येच एवेलिओ पाठीला पोक आल्यासारखा, बाटल्यांनी फुगलेला, घोळक्यातून वर सरकताना दिसला की खोलीत आरडाओरडा व्हायचा, "आला रे आला, पाणी घेऊन आला!" शेजारच्या खोलीतल्या केरळच्या मंडळींना वाटायचं भारत मॅच जिंकला.

गावाहून भिकाजीची बायको सुगंधा फोनवर विचारायची, "अवो, तुमचा येवले जिकला का येकदा तरी?"

"तो जिकत नाय. तो जिकवतो," भिकाजी ऐटीत सांगायचा.

"मंग बराय. तुमीबी तसलंच."

दर फेब्रुवारीत शर्यतीच्या आदल्या दिवशी एवेलिओ दुकानात यायचा, स्टुलावर बसायचा, गूळपाणी घ्यायचा. टीमचे स्वतःचे मेकॅनिक असले तरी एक चाक तो मुद्दाम भिकाजीच्या कानाखालून घालायचा. एका वर्षी गळ्याखालचं हाड मोडून आला होता, हात नीट वर जात नव्हता. एका वर्षी मोठ्या टीमचा भारी शर्ट घालून आला, कारण त्याचं पाणी आणण्याचं काम तिथल्या कप्तानाच्या नजरेत भरलं होतं. भिकाजीने त्या शर्टाचं कापड चिमटीत धरून बघितलं आणि त्याला सख्ख्या भावाला बढती मिळाल्यासारखं वाटलं.

आणि मग दोन हजार चौदा साल आलं.

त्या वर्षी एवेलिओच्या टीमचा कप्तान दुसऱ्याच दिवशी तापाने घरी गेला. टीमने एवेलिओला सांगितलं, तुझा तू पळ. पाणक्याच्या पायांत काय आहे ते मग लोकांनी पाहिलं. डोंगराच्या टप्प्यात तो पहिल्या दहांत आला, आणि त्यानंतरच्या, शेवटच्या दिवशी, कुरियातकडून शहराकडे येताना, चौघांबरोबर पुढे निसटला. त्या संध्याकाळच्या हिशेबाने तो एकूण शर्यतीत तिसरा होणार होता. तिसरा म्हणजे बक्षिसाच्या पायरीवर उभं राहणं, गळ्यात फुलं, आणि पुढच्या वर्षी मोठ्या टीममध्ये पाणी आणायला नव्हे, तर पळायला जागा.

शुक्रवार होता, सगळ्यांना सुट्टी. वादी कबीरच्या पुढे अल बुस्तानकडे जाणाऱ्या चढावर भिकाजी, जहूर आणि खोलीवाले उभे होते. रस्त्याच्या शेवटच्या आठ-नऊ किलोमीटरांतला तो चढ. भिकाजीच्या हातात सुगंधाने पाठवलेल्या कोकमांचं मीठ घातलेलं सरबत, बाटलीत भरून. एवेलिओ आला तेव्हा त्याच्या ओठांवर पांढरं मीठ साचलं होतं. ते ओठ पाहिले आणि भिकाजीचा हात पुढे गेला. एवेलिओने क्षणभर बाटलीकडे पाहिलं, क्षणभर भिकाजीकडे. मग बाटली घेतली आणि पिता पिता वळणाआड गेला. मागे सगळे नाचत होते. आपलं कोकम येवल्याच्या पोटात गेलं, याहून मोठं काय असतं!

दुसऱ्या दिवशी भिकाजी सुकलेल्या कोकमांची पुडी घेऊन टीमच्या हॉटेलवर गेला. टीमचा मेकॅनिक दारात गाडी धूत होता. त्याने भिकाजीला ओळखलं, बाजूला नेलं आणि हळू इंग्रजीत सांगितलं. शेवटच्या वीस किलोमीटरांत कोणाकडूनही खाणं-पिणं घ्यायला बंदी असते. पंचांनी चित्रफितीत बाटली बघितली आणि एवेलिओच्या वेळेत वीस सेकंद वाढवली. तिसऱ्याचा तो सातवा झाला. टीमच्या मॅनेजरने विचारलं, बाटली कोणी दिली? एवेलिओ म्हणाला, रस्त्यावरचा माणूस होता, ओळखत नाही. घेतली मी, चूक माझी.

भिकाजी पुडी तशीच हातात घेऊन परत फिरला. एवेलिओला भेटायची त्याची हिंमत झाली नाही. दुकान उघडलं, गिऱ्हाईक आलं, पाणी दिलं, पण पेला पुढे करताना तो आपल्या हाताकडेच बघत राहिला. ज्या हाताने तीस वर्षं माणसं उभी ठेवली, त्याच हाताने आपल्याच माणसाला खाली पाडलं. त्याला लाज वाटत होती आणि ती कुणापाशी बोलायची सोय नव्हती. जहूर समजूत घालायला गेला, "तुला काय ठाऊक त्यांचा कायदा," तर भिकाजी त्याच्यावरच खेकसला, "त्याला ठाऊक होता ना?"

खरंच, तेच त्याला खात होतं. एवेलिओला ठाऊक होतं, तरी त्याने घेतली कशी?

उत्तर मिळायला वर्ष जावं लागलं. मोठ्या टीमने एवेलिओला ठेवलं नाही. तो पुन्हा एका लहान टीमच्या साध्या शर्टात आला. भिकाजीला वाटलं होतं तो दुकानाकडे फिरकणारही नाही. पण शर्यतीच्या आदल्या दिवशी तो आला आणि स्टुलावर बसला. भिकाजी पाठमोरा, उगीच एका चेनला तेल देत राहिला. पाण्याच्या भांड्याकडे तो गेलाच नाही. शेवटी मागून आवाज आला, "पहले पानी?"

चार वर्षांत एवेलिओ तेवढंच हिंदी शिकला होता.

भिकाजीने पेला भरून दिला, गूळ दिला, आणि मग धीर करून विचारलं, "व्हाय यू टेक?"

एवेलिओने पेला दोन्ही हातांत धरला आणि शब्द जुळवत सांगितलं. इतकी वर्षं मी रोज सगळ्यांना पाणी देतो. मला द्यायला रस्त्यात कोणी उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नाही. त्या दिवशी तू होतास. कायदा मला पाठ आहे, पण तुझा हात तसाच रिकामा परत पाठवणं मला जमलं नाही.

भिकाजीला रडू आलं. त्याने ते लपवलंही नाही. पण त्याच दिवशी त्याने मनात एक गाठ मारली: या माणसाची ती पायरी आपण परत द्यायची. कशी, ते त्याला माहीत नव्हतं. सायकल काही तो चालवणार नव्हता.

वर्षं सरली. दोन हजार अठराच्या फेब्रुवारीत एवेलिओ आला तेव्हा कानापाशी केस पिकले होते. हे शेवटचं वर्ष, म्हणाला. टीमने या शर्यतीत त्याला मोकळीक दिली होती. कौतुक म्हणून म्हणा, निरोप म्हणून म्हणा. भिकाजीही अठ्ठावन्नचा झाला होता. खमीसने दुकान पुतण्याला द्यायचं ठरवलं होतं आणि एप्रिलमध्ये भिकाजीचा व्हिसा संपत होता. दोन्ही पाणके एकदमच निवृत्त होणार होते.

चार दिवस संपले आणि एवेलिओ पाचव्या नंबरवर होता. पुढच्या दोघांना गाठणं कोणाच्याच हातात नव्हतं, पण तिसरी पायरी होती हिरव्या शर्टातल्या एका तरुण पोराकडे, तेरा सेकंदांनी पुढे. चौथा जो होता तो डोंगरात टिकणारा नव्हता. आता जे काही व्हायचं ते शनिवारी, जबल अख्दरच्या चढावर.

शुक्रवारी संध्याकाळी भिकाजीने खोलीत सभा भरवली. जहूरने कारखान्याची कोस्टर मिळवली होती. कशी मिळवली ते त्याला कोणी विचारलं नाही. बावीस जण येणार होते. शनिवारी ज्यांना सुट्टी नव्हती त्यांच्या पोटात आधीच दुखायला लागलं होतं.

"उद्या कोणी पाण्याची बाटली न्यायची नाय," भिकाजी म्हणाला.

"त्याला द्यायची नाही म्हण ना," जहूर म्हणाला. "आपण काय पाप केलं? उन्हात चढायचंय."

"नाय. हातात असली की हात पुढं जातो. मला माजा हात ठाऊक हाय, तुमचे पण ठाऊक हायत. येकाच्या पण जवळ थेंब नको. आनि तो आला की सगळ्यांचे हात मागं."

"शाळेत उभं करतात तसे?"

"तसेच."

कोणी हसलं नाही. चौदा साली काय झालं होतं ते त्या खोलीत नव्या आलेल्यालाही पहिल्या आठवड्यात सांगितलं जायचं.

डोंगराच्या पायथ्याशी, बिरकत अल मौजच्या पुढे पोलिसांची चौकी आहे. तिथून वर फोर व्हील ड्राइव्हशिवाय गाडी सोडत नाहीत. कोस्टर खाली थांबली, बाटल्या सगळ्या बसमध्ये राहिल्या. भिकाजीने स्वतः दारात उभं राहून एकेकाची पिशवी चाचपली. मग बावीस माणसं चालत निघाली. रस्ता असा उभा की पुढच्याच्या टाचा मागच्याच्या नाकासमोर. शेवटची रेषा दोन किलोमीटर राहते तिथल्या वळणावर भिकाजी थांबला. झाड नाही, सावली नाही, तापलेला दगड आणि वर ऊन. दोन तास ते तिथे उभे होते. जहूरची जीभ टाळूला चिकटली तेव्हाच तो पहिल्यांदा गप्प बसला असेल.

आधी हेलिकॉप्टरचा आवाज आला, मग पोलिसांच्या मोटारसायकली, मग पुढचे दोघे गेले. आणि मग वळणाखाली दोन डोकी दिसली: हिरवा शर्ट, आणि त्याच्या चाकाला चिकटून एवेलिओ.

"हात मागं!" भिकाजी ओरडला.

बावीस जणांचे हात पाठीमागे गेले.

एवेलिओ जवळ आला. सायकलीवर बाटलीची जागा रिकामी होती. ओठ फुटले होते, त्यांवर तेच पांढरं मीठ. तो वर बघत नव्हता, पुढच्या चाकाकडे बघत होता. वळणावर त्याने मान उचलली आणि भिकाजी दिसला. जुनी सवय असावी, किंवा तहान असावी. त्याचा उजवा हात हँडलवरून वीतभर सुटला.

भिकाजीने पाठीमागे एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट पकडलं. त्या क्षणी त्याच्याजवळ पाणी नव्हतं, तरी हात पुढे जायला ओढत होता. डोळ्यांसमोर खडीच्या ढिगावरचा पठाण होता. आयुष्यात त्याने तहानलेल्या माणसाकडे बघत हात मागे बांधले नव्हते, आणि हे काम त्याला सगळ्या कामांहून जड गेलं.

"चल येवले!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला. "यल्ला! यल्ला!"

एवेलिओने त्याचे खांदे पाहिले, मागे गेलेले हात पाहिले. शेजारी एकवीस जण तसेच. त्याला कळलं. त्याचा सुटलेला हात पुन्हा हँडलवर बसला, आणि तो सीटवरून उठला. हिरवा शर्ट उठला नाही, त्याला उठता आलं नाही. वळणाच्या टोकापर्यंत दोघांमध्ये एका बसएवढं अंतर पडलेलं सगळ्यांनी पाहिलं, आणि मग डोंगराने त्यांना झाकलं.

वर काय झालं ते जहूरच्या फोनवर आलं, तेही अडकत अडकत. जहूरने दोनदा वाचलं, मग तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं. एवेलिओने हिरव्या शर्टाला वीस सेकंदांनी मागे टाकलं होतं. एकूण शर्यतीत तिपान तिसरा, सात सेकंदांनी.

"सात," भिकाजी म्हणाला. त्याने मनात हिशेब केला. एक घोट पाणी आणि वीस सेकंद. मग तो नुसता "सात, सात" म्हणत राहिला. शेवटचा टप्पा सपाटीचा होता, मत्रहच्या किनाऱ्यावर, आणि तिथे सगळे एका घोळक्यात पोचतात. सात सेकंद कुठे जात नाहीत, हे आता जहूरलाही पाठ होतं. ती गेलीही नाहीत. पण कोणाला दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नव्हती. बावीस माणसं त्या उघड्या डोंगरावर कोरड्या घशाने ओरडत होती, आणि आवाज फुटत नव्हता म्हणून एकमेकांना मिठ्या मारत होती.

शर्यत संपली की खेळाडू त्याच रस्त्याने सायकलीवरून खाली येतात. शिट्ट्या वाजवत, जाकिटं घालून एकेक जण उतरू लागले. हे सगळे कडेला बसले होते. चालायला लागायचं तर आधी घशात काहीतरी हवं होतं आणि पाणी होतं चौकीपाशी, बसमध्ये. तेवढ्यात जहूर म्हणाला, "अरे, ये कौन मोटा आ रहा है?"

वरून एक फुगलेला माणूस येत होता. पाठीला पोक, पोट पुढे, मानेमागे गाठोडं. जवळ आल्यावर ओळख पटली. एवेलिओने ब्रेक दाबले, पाय टेकले, आणि शर्टातून बाटल्या काढायला सुरुवात केली. छातीतून दोन, पाठीतून तीन, मानेमागून एक, सायकलीच्या दोन. आठ बाटल्या. वर जाताना त्याने पाहिलं होतं की बावीस माणसांजवळ एकही बाटली नाही, आणि रेषा ओलांडल्यावर फुलांकडे जायच्या आधी तो टीमच्या गाडीकडे गेला होता.

माणसं उठून उभी राहिली, पण कोणी पुढे होईना. भिकाजीचे हात अजून पाठीमागेच होते. त्याला त्याची शुद्धही नव्हती.

एवेलिओने पहिली बाटली त्याच्यासमोर धरली.

"रेस खलास," तो म्हणाला. आणि मग अगदी भिकाजीच्या सुरात, "पहले पानी."

भिकाजीचे हात सुटले. त्याने बाटली घेतली, वर धरली आणि तोंड न लावता धार घशात सोडली. पाणी कोमट होतं, प्लास्टिकचा वास होता. चौतीस वर्षांत त्याला कोणी पाणी आणून दिलं नव्हतं, हे त्याला तेव्हा कळलं. तो तसं बोललाही, मोठ्याने, मराठीत, आणि एवेलिओने काही न कळता मान डोलावली. बाटल्या हातोहात फिरल्या. सगळ्यांना दोन-दोन घोट आले, आणि कोणी तिसरा घेतला नाही.

पाणी पोटात गेल्यावर मग भिकाजीने सायकलीकडे पाहिलं. मागचं चाक उचललं, हाताने फिरवलं, तारांवर बोट धरलं. एक तार बसकी वाजत होती. त्याने खिशातून किल्ली काढली आणि रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला, कारण उद्याचा एक दिवस अजून बाकी होता.